‘न’ वर संपणारं वेगळं नाव: नव्या आईबाबांसाठी पायरी पायरीने

बाळाचं नाव म्हटलं की आपल्याकडे सगळा जीव पहिल्या अक्षरात अडकलेला असतो. गुरुजी पत्रिका करून देतात, त्यात अक्षर येतं, मग आत्या, मावश्या, काकू सगळ्या त्या अक्षराची नावं फॅमिली ग्रुपवर टाकायला लागतात आणि दोन दिवसात लिस्ट एवढी वाढते की वर स्क्रोल करून बघायचाही कंटाळा येतो, आणि त्यातली अर्धी नावं आधीच बिल्डिंगमधल्या कुणाची ना कुणाची असतात. शेवटच्या अक्षराकडे फार कमी लोक बघतात. खरं तर नाव कानात बसतं ते शेवटामुळे. खाली खेळणाऱ्या पोराला वरच्या मजल्यावरून हाक मारून बघा, रेहाऽऽन, शेवटच्या अक्षराच्या आधीचा सूर लांबतो आणि शेवटचं अक्षर तो बंद करतं. भावंडांची नावं जुळती हवी असतील तरी शेवट जुळला की दोन्ही नावं एका घरची वाटतात, सुरुवात कितीही वेगळी असली तरी.

म्हणून हा लेख उलट बाजूने लिहितोय. शेवटचं अक्षर आधी पकडायचं, मी ‘न’ घेतलंय, आणि मग वेगवेगळ्या संस्कृतींत त्या अक्षरावर संपणारी, आपल्याकडे फारशी न ऐकलेली नावं कशी शोधायची, कशी तपासायची आणि शेवटी दाखल्यावर कशी नीट चढवायची ते सांगतो. मुंबईत राहत असाल तर एक मोठा फायदा आहे, तो पुढे येईलच.

पायरी 1: अक्षर म्हणजे आवाज की स्पेलिंग, हे घरात ठरवून टाका

इंग्रजीत एन एकच आहे, मराठीत न आणि ण दोन. त्यामुळे इंग्रजी साईटवर एन वर संपणारी नावं शोधली की ईशान, वरुण, श्रावण, किरण सगळे एका रांगेत येतात. मोठ्याचं नाव ईशान आणि धाकट्याचं वरुण ठेवलंत तर स्पेलिंग जुळेल पण आजीच्या कानाला ते जुळणार नाही. उलटंही होतं. कॅरोलीन, सेलीन, मॅक्सीन या नावांच्या इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी ई असतो पण तो कुणी उच्चारत नाही, आवाज न चाच येतो, म्हणजे स्पेलिंगप्रमाणे शोधलं तर ही चांगली नावं लिस्टमध्ये येणारच नाहीत. फ्रेंचचं अजून वेगळं, तिकडे ज्युलियन लिहितात आणि ज्युलियाँ म्हणतात, शेवट नाकातून जातो आणि न उमटतच नाही.

माझं मत स्पष्ट आहे, मराठी घरात आवाज धरा. नाव दिवसातून पन्नास वेळा तोंडाने घेतलं जातं, स्पेलिंग फॉर्म भरतानाच लागतं. प्रत्येक नाव आधी देवनागरीत लिहून बघायचं आणि शेवटी खरंच न येतो का ते बघायचं, एवढी सवय लावून घ्या.

पायरी 2: कुठल्या भाषेत शोधायचं ते समजून घ्या

इथे जरा वेळ काढा, कारण सगळ्या भाषांत न सापडत नाही. हवाईयन भाषेत प्रत्येक शब्द स्वरावर संपतो, त्यामुळे तिकडे कितीही शोधलं तरी हाती काही लागणार नाही. इटालियन नावंही बहुतेक ओ, आ नाहीतर ए वर थांबतात. पण काही भाषांत न शेवटी येण्यामागे त्या भाषेचं स्वतःचं कारण असतं आणि तिथे नावांचा खजिना असतो.

जपानी बघा. जपानी शब्द व्यंजनावर संपणार असेल तर तो फक्त पाय मोडक्या न् वरच संपू शकतो, दुसरं कुठलंच व्यंजन शेवटी चालत नाही. त्यांच्याकडे शिरितोरी नावाचा खेळ आहे, अगदी आपल्या भेंड्या, समोरच्याच्या शब्दाचं शेवटचं अक्षर घेऊन आपण शब्द सांगायचा, आणि ज्याचा शब्द या न् वर संपला तो आऊट, कारण त्या न् ने सुरू होणारा शब्द पुढच्याला मिळतच नाही. खेळात हरवणारं हे अक्षर नावात मात्र लोकांना खूप आवडतं. रेन, जुन, शिन, केन, रिन, सगळी छोटी आणि सुटसुटीत.

आयरिश भाषेत आन किंवा ईन हा शेवट लहानपणा आणि लाड दाखवतो. रोन म्हणजे सील हा समुद्रातला प्राणी, तर रोनन म्हणजे छोटा सील. एडन म्हणजे छोटी आग, रियान म्हणजे छोटा राजा. रियान आता आपल्याकडेही बरंच ऐकू येतं, रोनन अजून दुर्मीळ आहे. वेल्श भाषेत वेन आणि विन अशी जोडी आहे, अर्थ गोरा, शुभ्र, पवित्र असा, वेन आलं की मुलगी आणि विन आलं की मुलगा. आयर्वेन म्हणजे बर्फासारखी शुभ्र.

तमिळमध्ये अन हा पुरुषी शेवट आहे, मुगिल म्हणजे ढग म्हणून मुगिलन, कदिर म्हणजे किरण म्हणून कदिरवन म्हणजे सूर्य. फारसीत ईन लागलं की ‘त्याचं बनलेलं, त्याच्यासारखं’ असा अर्थ येतो, झर म्हणजे सोनं आणि झरीन म्हणजे सोनेरी, सीम म्हणजे चांदी आणि सिमीन म्हणजे चंदेरी. अरबीत आन हा शेवट काठोकाठ भरलेपण सांगतो. रय्यान म्हणजे तहान पूर्ण भागलेला, आणि मुस्लिम परंपरेत रोजे ठेवणारे स्वर्गात ज्या दरवाजातून जातात त्या दरवाजाचं नावही रय्यान आहे.

हिब्रूत झाडापानांची नावं भरपूर आहेत. इलान म्हणजे झाड, अलोन म्हणजे ओक, ओरेन म्हणजे पाईन, नित्झान म्हणजे कळी. तुर्कीत ओझान म्हणजे कवी, जेरेन म्हणजे हरिणाचं पाडस. मंगोलियन भाषेत नरान म्हणजे सूर्य आणि अल्तान म्हणजे सोनेरी. आर्मेनियन वहान म्हणजे ढाल. डॅनिशमधलं सोरेन लॅटिन सेव्हेरिनसवरून आलंय, अर्थ कडक शिस्तीचा.

मुलीचं नाव शोधणाऱ्यांसाठी हे सगळं विशेष महत्त्वाचं आहे. मराठीत मुलींची नावं बहुतेक आ किंवा ई वर संपतात, न वर संपणारी म्हटली की सुमन, नूतन, कांचन आठवतात आणि ती सगळी आजी-मावशीच्या पिढीतली (मला स्वतःला कांचन पुन्हा यायला हवं असं वाटतं, पण तो वेगळा विषय). बाहेर बघितलं की शिरीन, नसरीन, पर्वीन, सिमीन, जेरेन, मायान, आयर्वेन, रिन अशी रांगच लागते. पर्वीन म्हणजे आकाशातला तो ताऱ्यांचा झुबका, आपण ज्याला कृत्तिका म्हणतो तोच. मुलगी कृत्तिका नक्षत्रावर झाली असेल तर याहून नेमकं नाव मला तरी माहीत नाही.

आणि एक, तेच नाव एका भाषेत मुलाचं आणि दुसरीत मुलीचं असू शकतं. हनान अरबीत मुलीचं नाव आहे, माया, जिव्हाळा अशा अर्थाचं, हिब्रूत त्याच्या अगदी जवळचं नाव मुलाचं आहे. जिनान म्हणजे बागा, अफ्नान म्हणजे फांद्या, ऐकायला आपल्याला मुलासारखी वाटतात पण अरबी घरांत ती मुलींची आहेत.

पायरी 3: पत्रिकेचं अक्षर पाळायचं असेल तर दोन्ही टोकं बांधून घ्या

27 नक्षत्रं, प्रत्येकाची 4 चरणं, म्हणून 108 अक्षरं. घरात ही पद्धत पाळत असाल तर ती मोडायची काहीच गरज नाही, उलट कामच सोपं होतं, कारण पहिलं अक्षर गुरुजींनी दिलं आणि शेवटचं तुम्ही ठरवलं की मधे फार कमी नावं उरतात.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो. समजा बाळ स्वाती नक्षत्रावर झालं. अक्षरं आली रू, रे, रो, ता. आता एका कागदावर चार ओळी काढा, सुरुवातीला ही चार अक्षरं लिहा, शेवटी न लिहा आणि मधली जागा भरत जा. रू च्या ओळीत रूबेन, हिब्रू, बायबलमधल्या जेकब आणि लिआ यांचा पहिला मुलगा, आणि नावाचा अर्थच ‘बघा, मुलगा!’ असा. रे च्या ओळीत जपानी रेन आणि अरबी रेहान. रो च्या ओळीत आयरिश रोनन आणि आपलं रोहन. ता च्या ओळीत आर्मेनियातलं तालिन, मुलीचं. एवढ्यात सहा नावं झाली, सहा संस्कृती झाल्या आणि गुरुजींचं अक्षरही पाळलं गेलं.

यातल्या रेहानबद्दल थोडं जास्त लिहितो, मला ते फार आवडतं. साईटवर नुसतं ‘सुगंधी’ असं लिहिलेलं असतं. अरबीत रेहान म्हणजे तुळशीच्या कुळातली ती वास असलेली वनस्पती जिचं बी म्हणजे आपला सब्जा. क्रॉफर्ड मार्केटकडे फालुदा घेतला की ग्लासच्या तळाशी जे काळे, फुगलेले, भोवती पारदर्शक पडदा आलेले दाणे असतात ते या झाडाचं बी. तुळशीवृंदावन असलेल्या घरात हे नाव परकं कसं म्हणायचं?

पायरी 4: अर्थ साईटवरून घेऊ नका, डिक्शनरीतून आणि माणसांकडून घ्या

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे आणि सगळ्यात जास्त लोक हीच गाळतात. नावांच्या साईट्स एकमेकींवरून कॉपी करतात, त्यामुळे एकीवर चुकीचा अर्थ आला की दहा ठिकाणी तोच दिसतो आणि आपल्याला वाटतं एवढ्या ठिकाणी आहे म्हणजे बरोबरच असणार. कियान घ्या. बऱ्याच भारतीय साईट्सवर त्याचा अर्थ ‘देवाची कृपा’ असा मिळतो. फारसीत के म्हणजे राजा, कियान म्हणजे राजे, इराणच्या जुन्या कथांमधल्या कयानी राजघराण्याचं ते नाव आहे. कृपेचा काही संबंध नाही.

तपासायचं कसं? संस्कृत नाव असेल तर आपटे किंवा मोनियर-विल्यम्स यांचा कोश, मराठी शब्द असेल तर मोल्सवर्थ, फारसी असेल तर स्टाइनगासचा कोश. मोल्सवर्थ आणि स्टाइनगास शिकागो युनिव्हर्सिटीच्या साईटवर फुकट सर्च करता येतात. नाव टाका, शब्द सापडतो का बघा, सापडला तर अर्थ वहीत लिहून ठेवा. कोशात कुठेच सापडलं नाही तर ते नाव वाईट असं नाही, पण अर्थ म्हणून काहीतरी गोड लिहिलंय त्याच्यावर विसंबू नका.

जपानी नावांना ही काळजी डबल घ्या. जपानीत रेन हा नुसता आवाज आहे, तो चित्रलिपीतल्या कुठल्या अक्षराने लिहिलाय त्याच्यावर अर्थ ठरतो, एका अक्षराने कमळ, दुसऱ्याने प्रेम. रिनचंही तसंच, एका अक्षराने करारी, रुबाबदार, दुसऱ्याने घंटी. त्यामुळे तुम्हाला कमळ हवं असेल तर ते अक्षर कसं दिसतं ते शोधून एका जागी जपून ठेवा, मूल मोठं झाल्यावर विचारणारच आहे.

आता तो मुंबईचा फायदा. यातल्या कितीतरी नावांची माणसं इथेच राहतात आणि लोकलने जाता येईल एवढी जवळ राहतात. फारसी नावांसाठी दादरची पारशी कॉलनी आहे, ओळखीचं एखादं पारशी घर असतंच, ऑफिसमध्ये, बँकेत, डॉक्टर म्हणून. शिरीन, झरीन, आबान, जेहान, झुबिन ही त्यांच्या घरातली रोजची नावं. झुबिन हे नाव मुंबईत 1936 साली जन्मलेल्या ऑर्केस्ट्रा कंडक्टर झुबिन मेहतांमुळे जगभर पोचलं, त्याचा अर्थ छोटा भाला. आबान म्हणजे पाणी, झरतुष्ट्री कॅलेंडरमधल्या एका महिन्याचंही ते नाव, आणि चर्चगेटजवळची 1725 सालची भिका बेहराम विहीर बघितलीत तर पाण्याबद्दल त्या समाजात किती आदर आहे हे तिथल्या तिथे कळतं.

हिब्रू नावांसाठी तर भाषेचीही अडचण नाही, कारण बेने इस्रायली, म्हणजे आपल्याकडच्या ज्यू लोकांची मातृभाषाच मराठी. कोकणातून आलेली ही माणसं, आडनावं दिवेकर, पेणकर, रोहेकर अशी गावावरून. मस्जिद बंदरजवळचं त्यांचं पहिलं सिनेगॉग 1796 साली सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी बांधलं, आणि त्यांना लोक सामाजी हसाजी दिवेकर म्हणत, म्हणजे सॅम्युएलचं सामाजी आणि इझिकिएलचं हसाजी. परकं नाव मराठी तोंडात कसं बसवायचं हे या समाजाने दोनशे वर्षांपूर्वीच करून दाखवलंय. तमिळ नावांसाठी माटुंगा आणि धारावी, जपानीसाठी वरळीचं जपानी बुद्ध मंदिर आहे, तिथे अदबीने विचारलं तर कुणी ना कुणी वाट दाखवतं.

विचारायचं काय तेही सांगतो. उच्चार तुम्ही कसा करता, एकदा म्हणून दाखवाल का (फोनवर रेकॉर्ड करून घ्या, परवानगी घेऊन). हे नाव मुलाचं की मुलीचं. हे आत्ताच्या पिढीचं वाटतं की आजोबांच्या. आणि यात काही धार्मिक आहे का, आमच्या घरात ठेवलं तर कुणाला खटकेल का. शेवटचा प्रश्न विचारायला लाजू नका. लोकांना असं विचारलेलं आवडतं, आपलं नाव कुणीतरी एवढं आपुलकीने मागतंय याचा त्यांना आनंदच होतो, आणि बहुतेक वेळा ते अजून चार नावं सुचवतात जी कुठल्याच लिस्टमध्ये नसतात.

पायरी 5: नाव मराठी तोंडात घालून बघा

अर्थ चांगला, उच्चार सोपा, तरीही नाव आपल्याकडे अडू शकतं. तुर्कीत कान म्हणजे सम्राट, इथे शाळेत पहिल्या दिवशी काय होईल ते सांगायला नको. जुन जपानीत छान आहे, मराठीत जून भेंडी असते. रिन म्हटलं की मुंबईत कपड्याची वडी आठवते. वहान म्हणजे ढाल, पण आजी त्याची वहाण करणार हे नक्की. अलोनचा ओक फार भक्कम, पण इंग्रजी शाळेतली पोरं त्याला एकटा समजतील. यातलं कुठलंही नाव ठेवूच नका असं मी म्हणत नाही, ठेवायचं तर डोळे उघडे ठेवून ठेवा.

कधीकधी उलट गंमत होते आणि परकं नाव आपल्यात अलगद मिसळतं. मंगोलियन नरान घ्या, अर्थ सूर्य, आणि गावाकडे नारायणाचं नारान होतंच, आणि आपण सूर्याला सूर्यनारायणच म्हणतो. दोन्ही शब्दांचा एकमेकांशी संबंध नाही, पण पणजोबा नारायण असतील तर हे नाव घरात कुणालाच नवं वाटणार नाही.

मग विभक्ती लावून बघा. हे इंग्रजी साईट कधीच सांगणार नाही. न वर संपणाऱ्या नावाला ने लागला की दोन न एकत्र येतात, रेहानने दूध प्यायलं, इथवर ठीक. पण रोननने दूध प्यायलं? तीन न सलग, जीभ अडखळते. बोलताना आपण रोननं म्हणून सोडून देतो, पण शाळेच्या निबंधात आणि आमंत्रणपत्रिकेत ते लिहावं लागणार. म्हणून शेवटचं अक्षर न हवं असेल तर त्याच्या आधीचं अक्षर न नसलेलं बरं, असं माझं मत. त्या मानाने रूबेनने, सोरेनने, झरीनने, पर्वीनने ही सगळी सुरळीत जातात.

हाक मारून बघा. आपल्याकडे प्रत्येक नावाचं एक कंपाउंडमधलं रूप होतं आणि ते तुमच्या हातात नसतं. न ला या लागतो, रेहान्या, रूबेन्या, ओझान्या. ते कानाला गोड लागतंय ना तेवढं बघा.

आणि पूर्ण नाव म्हणून बघा, हे आता जास्त गरजेचं झालंय. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांचं नाव सरकारी कागदांवर बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव या क्रमाने लिहितात. म्हणजे तुमच्या बाळाच्या नावाला लागून आईचं नाव येणार. समजा आईचं नाव नम्रता आहे, रेहान नम्रता, न ला न चिकटतो आणि ऐकणाऱ्याला रेहा नम्रता वाटतं. स्नेहल, मृणाल, पूजा असेल तर काहीच अडचण नाही. चारही नावं सलग तीनदा मोठ्याने म्हणा, आजोबांना म्हणायला लावा, ते जिथे थांबतील तिथे गडबड आहे.

पायरी 6: भावंडांची जोडी लावायची असेल तर अर्थानेही लावा

हे मला खूप उशिरा सुचलं आणि मग थांबताच येईना. शेवटचं अक्षर एकच धरून वेगवेगळ्या भाषांतली नावं अर्थाप्रमाणे बाजूबाजूला लिहीत गेलं की असे गट पडतात की वाटतं कुणी मुद्दाम जुळवून ठेवलेत.

सोनं बघा. संस्कृतातून आलेलं आपलं कांचन, फारसी झरीन, मंगोलियन अल्तान, तिन्ही सोन्याची, तिन्ही न वर. सूर्य घ्या, संस्कृत तपन, तमिळ कदिरवन, मंगोलियन नरान. पाण्यात आबान, हिब्रू मायान म्हणजे झरा, आणि वेल्श डिलन, जुन्या कथांमध्ये समुद्राशी जोडलेला. झाडाफुलांत तर मोजायलाच नको, रेहान, कमळवाला रेन, रानगुलाब म्हणजे नसरीन, इलान, ओरेन, कळी म्हणजे नित्झान, आपलं चंदन.

मोठ्या मुलीचं नाव कांचन आणि धाकट्याचं अल्तान, हे दोन शब्द दोन वेगळ्या टोकांचे आहेत पण घरात बसून समजावून सांगितलं की दोघांनाही कळतं आपली नावं जुळी आहेत. जुळी बाळं असतील तर हा मार्ग नक्की वापरून बघा, राम-लखन, गंगा-जमुना याच्या पलीकडे फार सुंदर जोड्या मिळतात. आबान आणि मायान. तपन आणि नरान.

पायरी 7: कागदावर चढवताना घाई करू नका

बाळाची जन्मनोंद 21 दिवसांत व्हावी लागते आणि हॉस्पिटलमध्ये जन्म झाला तर हॉस्पिटलच ती माहिती महापालिकेला पाठवतं. डिस्चार्जच्या गडबडीत कुणीतरी फॉर्म पुढे करतं आणि नाव काय लिहू विचारतं, आणि आपण झोप न झालेल्या अवस्थेत काहीतरी सांगून टाकतो. नाव ठरलं नसेल तर रिकामं ठेवा. नावाशिवाय नोंद होते, आणि 12 महिन्यांच्या आत नाव घातलं तर त्याची फी लागत नाही, त्यानंतर लेट फी भरून 15 वर्षांपर्यंत घालता येतं. बारसं निवांत होऊ दे, आत्याला कानात कुर्र करू दे, घुगऱ्या वाटून होऊ देत, मग वॉर्ड ऑफिसला अर्ज द्या. मात्र वर्षभर रेंगाळू नका, कारण 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळा, पासपोर्ट, आधार सगळीकडे जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो.

दाखला मराठी आणि इंग्रजी दोन्हीत असतो, त्यामुळे दोन्ही स्पेलिंग तुम्हीच आधी ठरवून कागदावर मोठ्या अक्षरात लिहून न्या. अनोळखी नाव ऐकून लिहिणारा माणूस त्याला माहीत असलेलं जवळचं नाव लिहितो, रूबेनचं रुबीन, सोरेनचं सोरेण, अल्तानचं अल्ताफ. न चा ण तर सगळ्यात सहज होतो आणि एवढं शोधून आणलेलं शेवटचं अक्षरच जातं. ऱ्हस्व दीर्घही बघा. प्रिंट हातात आली की खिडकी सोडायच्या आधी वाचा, बाहेर येऊन नाही, कारण नंतर दुरुस्ती म्हणजे अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि हेलपाटे, आणि पूर्ण नावच बदलायचं म्हटलं तर गॅझेटपर्यंत जावं लागतं.

इंग्रजी स्पेलिंगबद्दल माझा सल्ला, मूळ भाषेतलं स्पेलिंग सोपं असेल तर तेच ठेवा, अवघड असेल तर आपल्या उच्चाराप्रमाणे सोपं करा. आयरिशमध्ये शिव्हॉन म्हणून मुलीचं गोड नाव आहे, पण त्याच्या स्पेलिंगमध्ये व्ह च्या जागी बी एच येतं, आपल्याकडे शिक्षिका हजेरी घेताना त्याचं सिओभान करणार आणि पोरगी आयुष्यभर दुरुस्त करत बसणार. किलियनचं तसंच, स्पेलिंग सी ने सुरू होतं आणि लोक सिलियन वाचतात. अक्षरांच्या डोक्यावर तिरक्या रेघा किंवा टिंबं असतील तर त्या सोडून द्या, आपल्या फॉर्मात त्यांना जागा नाही. मूळ लिपीतलं नाव मात्र घरात ठेवा, ज्यांच्याकडून विचारून घेतलंत त्यांनाच एका कार्डवर लिहून द्यायला सांगा, हिब्रूत, फारसीत, तमिळमध्ये, जे असेल ते, आणि बाळाच्या फाईलमध्ये दाखल्याच्या मागे लावून ठेवा.

आणि नाव ठरलं म्हणून ती लिस्ट डिलीट करू नका. न वर संपणारी, अर्थ तपासलेली, विभक्ती लावून बघितलेली जी नावं उरलीत ती फोनच्या नोट्समध्ये अर्थासकट राहू द्या. दुसरं बाळ आलं, दिराकडे, बहिणीकडे, खालच्या मजल्यावर कुणाकडे आलं की पहिला फोन तुम्हालाच येणार आहे.